३२ व्या वर्षी जे डिला गेला, पण मागं राहिलेल्या फ्लॉप्यांमधून अख्खा अल्बम निघाला

अभ्यासाला बसताना किंवा रात्री झोप येत नसताना तुम्ही युट्यूबवर लो-फाय बीट्स लावत असाल. सुस्तावलेला ड्रम, जुन्या रेकॉर्डची खरखर आणि जरा मागं-पुढं पडणारा ठेका. ऐकताना असं वाटतं की वाजवणारा माणूस खुर्चीत रेलून, डोळे मिटून वाजवतोय.

हा ठेका आला कुठून याचा शोध घेत गेलं, की अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या एका पोराचं नाव हमखास समोर येतं. जेम्स डेविट यान्सी. जग त्याला जे डिला म्हणून ओळखतं.

जेमतेम ३२ वर्षांचं आयुष्य मिळालं. त्यातली शेवटची वर्षं आजारपणात गेली. पण त्यानं एका पेटीएवढ्या मशीनवर जे करून ठेवलं, त्याचा अभ्यास आज संगीताच्या कॉलेजमध्ये होतो. आणि तो गेल्यावर त्या मशीनमधलं संगीत कॉम्प्युटरवर आणायचं कसं, हा प्रश्न त्याच्या माणसांपुढं उभा राहिला.

विषय नीट समजून घ्यायचा, तर सुरुवात डेट्रॉइटपासून करावी लागते.

घरातच गाणं होतं

७ फेब्रुवारी १९७४ ला जेम्सचा जन्म झाला. डेट्रॉइट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. मोटाऊन ही गाजलेली रेकॉर्ड कंपनीही याच शहरात सुरू झाली. त्यामुळं इथं कारखान्याचा भोंगा आणि गाणं दोन्ही जवळजवळ नांदत होते.

यान्सी कुटुंब कॉनंट गार्डन्स भागात राहायचं. वडील जॅझ बेस वाजवायचे, आई मॉरीन ऑपेरा गाणं शिकलेली. घरात रेकॉर्ड्सचा ढीग. पोराला चालता यायला लागल्यापासून त्याचा जीव त्या काळ्या तबकड्यांमध्ये अडकला.

आईनं त्याला विमानविद्येचं तांत्रिक शिक्षण देणाऱ्या डेव्हिस एरोस्पेस शाळेत घातलं. पोरगं हुशार होतं, पण लक्ष सगळं गाण्यात.

महागडी मशीन्स घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्यानं साध्या कॅसेट डेकवर सुरुवात केली. गाण्यातला एखादा ठेका रेकॉर्ड करायचा, पॉज दाबायचा, मूळ गाणं मागं न्यायचं आणि तोच तुकडा परत रेकॉर्ड करायचा. असं वीस-तीस वेळा केलं की दोन सेकंदांचा तुकडा मिनिटभर वाजायचा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. सॅम्पलिंगचे पहिले धडे त्यानं असे गिरवले.

सॅम्पलर म्हणजे काय?

कीबोर्डमध्ये कंपनीनं भरलेले आवाज असतात. सॅम्पलरमध्ये आवाज तुम्ही भरायचे. जुन्या रेकॉर्डमधला ड्रमचा एक ठोका, गायिकेचा अर्धा आलाप, दार आपटल्याचा आवाज, काहीही चालतं. मशीन त्या आवाजाचे आकडे करून ते मेमरीत ठेवतं. मग बटण दाबलं की तो आवाज वाजतो, हवा तसा जाड-बारीक करून, हव्या त्या क्रमानं.

डिलाच्या शेजारपाजारीच अँप फिडलर नावाचा कीबोर्ड वाजवणारा कलाकार राहायचा. जॉर्ज क्लिंटनच्या पी-फंक मंडळींबरोबर वाजवणारा मोठा माणूस. त्याच्या घरच्या स्टुडिओत अकाई कंपनीचं एमपीसी ६० होतं. रॉजर लिन या इंजिनिअरनं डिझाइन केलेलं हे मशीन १९८८ मध्ये बाजारात आलं होतं. १६ रबरी चौकोन, त्यावर बोटांनी वाजवायचं आणि वाजवलेलं मशीननं लक्षात ठेवायचं.

फिडलरनं या पोराला ते मशीन हाताळू दिलं, शिकवलं. पोरानं त्यातच मुक्काम ठोकला.

पुढं तो ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० वरही काम करायचा. या मशीनची सगळी मिळून मेमरी होती १० सेकंदांची. आज आपण १० सेकंदांची रील बघतो न बघतो तोच वर सरकवतो. पण त्या काळी मंडळी तेवढ्या मेमरीत अख्खं गाणं बसवायची. ३३ च्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर फिरवून रेकॉर्ड करायची आणि मशीनमध्ये परत मंद करायची, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त आवाज मावायचा. त्यात आवाज थोडा खडबडीत व्हायचा, आणि पुढं तो खडबडीतपणाच लोकांना आवडायला लागला.

डेट्रॉइटच्या तळघरातून थेट मोठ्या स्टुडिओत

शाळेतले दोस्त टी-३ आणि बाटिन यांना घेऊन डिलानं स्लम व्हिलेज नावाचा ग्रुप काढला. पण खरी कलाटणी मिळाली १९९४ मध्ये.

त्या वर्षी लोलापलूझाच्या दौऱ्यात पी-फंक आणि अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट हे दोन्ही ग्रुप होते. फिडलरनं ट्राइबच्या क्यू-टिपची आणि डिलाची गाठ घालून दिली. डिलाची कॅसेट ऐकून क्यू-टिप गार पडला आणि पुढं त्यानं ती अनेकांना ऐकवली.

मग गाडी सुसाट सुटली. १९९५ मध्ये फारसाइड ग्रुपच्या अल्बममधली गाणी. १९९६ मध्ये ट्राइबचा ‘बीट्स, ऱ्हाइम्स अँड लाइफ’. २००० मध्ये कॉमनचा ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ आणि एरिका बाडूचा ‘मामाज गन’. कॉमनचं ‘द लाइट’ हे गाणं ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेलं. द रूट्सचा ड्रमर क्वेस्टलव्ह, डी’अँजेलो, जेम्स पॉयझर ही मंडळी आणि डिला मिळून एक गोतावळाच तयार झाला.

हे सगळे तयारीचे वादक होते. तरी तळघरात बसून मशीनवर बोटं आपटणाऱ्या डिलाचं ऐकून क्वेस्टलव्हसारख्या ड्रमरनं आपली वाजवायची पद्धत बदलली.

असं काय होतं त्या ठेक्यात?

एमपीसीमध्ये एक सोय असते, तालदुरुस्तीची. तुमचं बोट थोडं आधी किंवा उशिरा पडलं, की मशीन तो ठोका ओढून बरोबर जागेवर बसवतं. जगातले बहुतेक लोक ही सोय चालू ठेवायचे. सगळं कसं रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या पोरांसारखं.

डिलानं या रांगेशी खेळ मांडला. काही ठोके तो बंधनाशिवाय हातानं वाजवायचा, काही मुद्दाम आधी-नंतर सरकवायचा. स्नेअर जरा लवकर, किक जरा उशिरा, हाय-हॅट आपल्याच झुलत्या चालीत. एकाच गाण्यात सरळ आणि झुलती अशा दोन लयी एकमेकींच्या अंगावर रेलून चालायच्या.

तबला किंवा ढोलकी जवळून ऐकणाऱ्यांना हे लगेच कळेल. चांगला वादक मात्रा सोडत नाही, पण मात्रेच्या आत थोडं रेंगाळतो, थोडं घाई करतो. त्यानंच रंगत येते. डिलानं ती रंगत मशीनमध्ये आणली.

१९९४ मध्ये आलेलं एमपीसी ३००० हे डिलाचं आवडतं मशीन. ते एका मात्रेचे ९६ भाग करतं. मिनिटाला ९० मात्रांचं गाणं असेल, तर असा एक भाग सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यांत मोजला तर साधारण ७ भरतो. डिलाचा सगळा खेळ अशा चिमूटभर जागेत चालायचा.

डिलाचं संगीत दोन ठिकाणी राहायचं. एक म्हणजे आवाजांचे तुकडे, म्हणजे सॅम्पल्स. दुसरं म्हणजे ते तुकडे नक्की कधी वाजायचे याची नोंद, म्हणजे सिक्वेन्स. तुकडे घेतले आणि नोंद राहिली, तर हातात उरतो विटांचा ढीग. घर राहिलं मागंच.

मशीनमधून कॉम्प्युटरमध्ये, वाटा तीन

आजच्या मशीनला यूएसबी केबल लावली की काम होतं. डिलाच्या काळातल्या मशीनला यूएसबी नव्हतं. तेव्हा वाटा तीन होत्या.

पहिली वाट फ्लॉपीची. एमपीसी ३००० मध्ये साडेतीन इंची फ्लॉपी बसायची, क्षमता १.४४ एमबी. सीडीच्या दर्जाचा मोनो आवाज तिच्यात साधारण १६ सेकंद मावतो. मशीनची मेमरी वाढवून १६ एमबी केली आणि ती पूर्ण भरली, तर रिकामी करायला डझनभर फ्लॉप्या लागायच्या. बरं, वीज बंद केली की मशीनच्या मेमरीतले सगळे आवाज जायचे. त्यामुळं फ्लॉपीवर उतरवलं नाही तर काम गेलंच म्हणून समजा.

दुसरी वाट स्कझी नावाच्या जाड केबलची. तिला बाहेरची हार्डडिस्क किंवा १०० एमबीचा झिप ड्राइव्ह जोडता यायचा. जागा भरपूर आणि वेगही चांगला. पण मशीन आपल्या पद्धतीनं फाइल लिहायचं. कॉम्प्युटरला ती सरळ वाचता येईलच असं नाही, मधे रूपांतर करणारं सॉफ्टवेअर लागतं.

याशिवाय मिडी केबलमधून सॅम्पल पाठवायची एक ठरलेली पद्धत सॅम्पलरच्या दुनियेत होती. पण मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट्स. सीडीच्या दर्जाचा १ सेकंदाचा मोनो आवाज पाठवायला पाऊण मिनिटाच्या आसपास लागायचं. म्हणजे तीन मिनिटांचे आवाज पाठवायचे तर दोन तासांहून जास्त. केबल लावून जेवून यायचं, तरी काम चालूच.

तिसरी वाट सगळ्यात साधी आणि स्टुडिओत सगळ्यात जास्त वापरली जाणारी. फाइल न्यायचीच नाही, मशीन वाजवायचं आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं. एमपीसी ३००० ला मुख्य स्टिरिओ आउटपुटशिवाय आठ वेगळे आउटपुट होते. किक एकातून, स्नेअर दुसऱ्यातून, बेस तिसऱ्यातून असं काढायचं आणि टेपवर किंवा प्रो टूल्समध्ये वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचं. दोन-तीन फेऱ्यांत रेकॉर्ड करायचं असेल, तर टाइमकोडनं मशीन आणि रेकॉर्डर एका वेळेला बांधायचे, नाहीतर पहिल्या फेरीतली किक आणि दुसऱ्या फेरीतला बेस एकमेकांना भेटणारच नाहीत.

या वाटेचा फायदा मोठा. ठोका जिथं वाजला तिथंच रेकॉर्ड होतो, मशीनच्या स्वतःच्या आवाजाच्या पोतासकट. फक्त पुढं कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसानं सगळं रांगेत बसवायचा मोह आवरायला हवा. एका क्लिकमध्ये डिलाचा ठेका बरोबर होतो, आणि बरोबर झाला की तो डिलाचा राहत नाही.

आजारपणानं गाठलं

२००१ मध्ये डिलाचा ‘वेलकम टू डेट्रॉइट’ आला. मोठ्या कंपनीशी करार झाला, पण तिथला अल्बम अडकून पडला. २००३ मध्ये त्यानं कॅलिफोर्नियाच्या मॅडलिबबरोबर ‘चॅम्पियन साउंड’ केला. एकानं बीट करायची, दुसऱ्यानं तिच्यावर रॅप करायचं असा मामला. हाच मॅडलिब पुढं २००७ मध्ये हिंदी सिनेमाच्या जुन्या गाण्यांचे तुकडे घेऊन ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ घेऊन आला.

दरम्यान डिलाला टीटीपी नावाच्या दुर्मीळ रक्तविकारानं गाठलं होतं. यात बारीक रक्तवाहिन्यांमध्ये गुठळ्या होतात आणि रक्तातल्या प्लेटलेट्स झपाट्यानं कमी होतात. त्यात ल्युपसची भर. डिला लॉस एंजेलिसला राहायला गेला, पण हॉस्पिटलच्या वाऱ्या वाढत गेल्या. आई डेट्रॉइट सोडून त्याच्या उशाशी येऊन राहिली.

२००५ च्या शेवटी तो युरोपच्या दौऱ्यावर गेला, व्हीलचेअरवर बसून. स्टेजवर व्हीलचेअर, हातात माइक आणि सोबत आई.

७ फेब्रुवारी २००६, त्याचा ३२ वा वाढदिवस. त्याच दिवशी ‘डोनट्स’ हा ३१ तुकड्यांचा अल्बम बाजारात आला. तीन दिवसांनी, १० फेब्रुवारीला डिला गेला.

‘डोनट्स’बद्दल एक कथा जगभर फिरते. सगळा अल्बम त्यानं हॉस्पिटलच्या खाटेवर, छोटा रेकॉर्ड प्लेअर आणि बॉस एसपी-३०३ हे लहानसं सॅम्पलर घेऊन केला, अशी ती कथा. हॉस्पिटलमध्ये मशीन होतं, काम चालायचं, हे खरं. पण डॅन चारनस यांनी २०२२ मध्ये लिहिलेल्या ‘डिला टाइम’ या चरित्रानं चित्र जरा बदललं. बऱ्याचशा बीट्स त्याआधीच घरी, कॉम्प्युटरच्या मदतीनं तयार झाल्या होत्या. म्हणजे जुन्या मशीनवर हात बसलेला हा माणूस शेवटी कॉम्प्युटरवरही तेवढाच सराईत झाला होता. ठेका मशीनचा नव्हता, त्याच्या कानाचा होता, हेच यातून दिसतं.

मागं राहिलेल्या फ्लॉप्या

डिला गेला तेव्हा बरंच काम अर्धवट होतं. ‘द शायनिंग’ हा अल्बम ड्रमर करीम रिगिन्सनं पूर्ण केला आणि तो ऑगस्ट २००६ मध्ये आला.

मागं कर आणि उपचारांची देणी होती. वारसाहक्काचे वाद सुरू झाले. ज्या आईनं शेवटपर्यंत सेवा केली, तिला लेकाच्या संगीताबाबत निर्णय घेण्यासाठी अनेक वर्षं झगडावं लागलं.

आणि मग प्रश्न आला फ्लॉप्यांचा. डिलाच्या न ऐकलेल्या बीट्स जुन्या फ्लॉपी डिस्क आणि डॅट टेपवर पडून होत्या. फ्लॉपी काही अमर नसते. तिच्यावरचा चुंबकीय थर वर्षागणिक खराब होतो, बुरशी लागते, आणि ती वाचणारं ड्राइव्ह शोधणंही अवघड होत जातं. कॉपी निघाली नाही, तर डिलाचं शेवटचं काम आवाज न करता नाहीसं होणार होतं.

ते वेळेत बाहेर काढलं गेलं. २००९ मध्ये ‘जे स्टे पेड’ हा अल्बम आला. फ्लॉप्या आणि डॅटवरच्या बीट्स, आणि त्यांचं मिक्सिंग कुणी केलं, तर पीट रॉकनं. डिला ज्याला गुरुस्थानी मानायचा तोच हा पीट रॉक. अल्बमच्या मागं आई खंबीरपणे उभी होती. कंपनीकडं अडकलेला तो जुना अल्बमही ‘द डायरी’ नावानं २०१६ मध्ये लोकांसमोर आला.

२०१२ मध्ये तर डेट्रॉइट भागातल्या एका रेकॉर्ड दुकानदारानं बेवारस स्टोरेज युनिटमधला माल विकत घेतला. हजारो रेकॉर्ड्स आणि सोबत काही कॅसेट्स. त्यातल्या कागदांवर जेम्स यान्सीचं नाव दिसलं तेव्हा कळलं की हा तर डिलाचा खजिना. दुकानदारानं डिलाच्या आईशी संपर्क साधला.

२०१४ मध्ये आईनं लेकाचं एमपीसी ३००० आणि त्याच्यासाठी खास बनवलेला मूग सिंथेसायझर स्मिथसोनियनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या म्युझियमला दिला. आज ते मशीन वॉशिंग्टनमध्ये काचेआड आहे. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात त्याच्या नावाची गल्लीही आहे.

तुमच्या घरात जुनं सॅम्पलर असेल तर...

डिलाच्या गोष्टीतून घ्यायचं ते इतकंच. घरात, बँडच्या खोलीत, काकाच्या माळ्यावर जुनं सॅम्पलर किंवा कीबोर्ड आणि फ्लॉप्यांचा डबा असेल, तर उद्यावर ढकलू नका.

आधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे चुकून काही पुसलं जाणार नाही. बुरशी दिसली तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नका, ड्राइव्हही खराब होईल. फ्लॉपी चांगली असेल, तर कॉम्प्युटरवर तिची अख्खी नक्कल घ्या, एकेक फाइल वेचत बसू नका, कारण सॅम्पलइतकीच सिक्वेन्सची फाइलही महत्त्वाची आहे. मशीन चालू असेल तर प्रत्येक गाणं एकदा ऑडिओ इंटरफेसमधून वाजवून रेकॉर्ड करून ठेवा. फाइल पुढं उघडली नाही, तरी वाजलेलं तुमच्याकडं राहील. स्कझीवाल्या मशीनसाठी मेमरी कार्डवर चालणारे पर्याय मिळतात, फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्ह घेणारे डबेही मिळतात.

आणि कॉम्प्युटरवर आल्यावर ठोके जागेवर बसवायचं बटण दाबण्याआधी एकदा डोळे मिटून ऐका. जे चुकलंय असं वाटतंय, ती वाजवणाऱ्या माणसाची सहीसुद्धा असू शकते.